मदत हवी आहे : ५ ग्रॅम मोरचुदात तांब्याचे अणू किती?

प्रश्न (तासगाव, अकरावी विज्ञान)
बोर्डोसाठी (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) बागेत आणतात त्याच निळ्या मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं (CuSO₄·५H₂O) गणित आहे. ५.०० ग्रॅममध्ये तांब्याचे मोल, तांब्याचे अणू आणि ऑक्सिजनचे अणू काढायचेत. रेणुवस्तुमान १५९.६१ धरून ०.०३१३ मोल आले, पण उत्तर ०.०२०० दिलंय. ऑक्सिजनसाठी ४ ने गुणलं, तेही जुळत नाही. भागाकार दोनदा तपासलाय. कुठं चुकतंय?

उत्तर
भागाकार बरोबर आहे, भाजक चुकलाय. १५९.६१ हे पांढऱ्या, निर्जल कॉपर सल्फेटचं. खडा निळा दिसतो याचाच अर्थ आत स्फटिकजल आहे: तांब्याच्या एका अणूमागे पाण्याचे ५ रेणू. सूत्रातलं टिंब गुणाकाराचं नाही, पाणी बेरजेत धरायचं.

तांबे ६३.५५, गंधक ३२.०६, चार ऑक्सिजन ६४.००, मिळून १५९.६१. त्यात पाणी १८.०१५ × ५ = ९०.०८ मिळव, की २४९.६९.

५.०० ÷ २४९.६९ = ०.०२००२५ मोल. एका सूत्रात तांबं एकच, म्हणून तांब्याचे मोलही तेवढेच. एका मोलात ६.०२२ × १०^२३ कण, म्हणून अणू = ०.०२००२५ × ६.०२२ × १०^२३ = १.२१ × १०^२२.

ऑक्सिजन सल्फेटमध्ये ४ आणि पाण्यात ५, एकूण ९. म्हणून ०.०२००२५ × ९ × ६.०२२ × १०^२३ = १.०९ × १०^२३. इथं एक सांभाळ. मोल आधीच ०.०२०० करून टाकलेस तर १.०८ येतं. शेवटच्या पायरीपर्यंत जादा अंक ठेव, तीन सार्थ अंक अगदी शेवटी कर.

आणखी एक उत्तर
प्रयोगशाळेत हेच पडताळता येतं. परीक्षानळीत ५.०० ग्रॅम मोरचूद घ्या, नळीचं तोंड किंचित खाली झुकवा आणि मंद आचेवर तापवा. नळी उभी धरली तर तोंडाशी जमलेलं पाणी गरम काचेवर ओघळतं आणि नळी तडकते. खडे पांढरे झाले, थंड करून दोनदा तोललं आणि वजन तेच राहिलं, की ३.२० ग्रॅमच्या आसपास उरायला हवं. काळपट झालं तर आच जास्त लागली. सल्फेटच फुटून कॉपर ऑक्साईड बनलं, ते वजन हिशोबात धरू नका.

उघड्यावर पडून कडा पांढरट झालेले खडेही या मोजणीला नकोत. त्यातलं पाणी कमी झालेलं असतं, म्हणून २४९.६९ ने भागल्यावर तांबं खऱ्यापेक्षा कमी दिसतं.

पुढचा प्रश्न (द्राक्ष बागायतदार)
मग १ टक्का बोर्डोत १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी घेतो, तर दोन्हीचे मोल सारखे होतात का?

उत्तर
नाही, दादा. मोरचुदाचे १००० ÷ २४९.६९ = ४.०० मोल, म्हणजे तांबं साधारण २५४ ग्रॅम. विरलेल्या चुन्याचे १००० ÷ ७४.०९ = १३.५ मोल. सगळं तांबं खाली बसवायला एका मोलाला एक मोल चुना पुरतो, म्हणजे कागदावर ३०० ग्रॅम. तरी त्यावर जाऊन चुना कमी करू नका. हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषून जुना चुना कार्बोनेट होतो, वजन भरतं पण काम होत नाही. तयार मिश्रणात घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिनिटभर धरा. त्यावर तांबूस थर चढला, तर मोकळं तांबं शिल्लक आहे आणि पानं करपतील. चुन्याची निवळी थोडी थोडी ओता, खिळा कोरा निघेपर्यंत.