सिग्नलला सिम घाला आणि मोकळे व्हा?

फायबरवाला: परवा इथे 'डेटाप्रेमी' यांनी लिहिलं की पुण्यातल्या सगळ्या सिग्नलना कंट्रोल रूमशी जोडायला फोर-जी सिम घाला, वर एआय बसवा, फायबरसाठी एक फूटही रस्ता खणू नका. त्यावर ढीगभर अंगठे! सिग्नलच्या कॅबिनेटमध्ये हात घालून मी पोट भरलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

कंट्रोल रूमशी बोलणं तुटलं तरी सिग्नल बंद पडत नाही. कंट्रोलरमध्ये, म्हणजे चौकातल्या पेटीतल्या छोट्या संगणकात, साठवलेल्या वेळापत्रकावर तो चालतो, पण एकटाच. शेजारच्या चौकाशी मेळ राहतो तो निव्वळ घड्याळावर. ते वीस सेकंद सरकलं की नळस्टॉपला हिरवा घेऊन निघालेला माणूस पुढच्या चौकात लालवर आपटतो. आता कॅमेरे. एकाच्या व्हिडिओला साधारण चार एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला चार मेगाबिट डेटा. चौकात चार कॅमेरे, चौक १२५ धरा, झाले दोन हजार एमबीपीएस, म्हणजे दोन जीबीपीएस. तेही अपलोड, चोवीस तास. हे सिमवर? अनंत चतुर्दशीला मिरवणुकीच्या गर्दीत अलका चौकात साधा फोन लावून दाखवा. फायबरची रिंग टाकली तर एका बाजूने तुटली तरी डेटा दुसरीकडून फिरतो. त्यासाठी खणावंच लागेल.

डेटाप्रेमी: अनंत चतुर्दशीला अलका चौकातून गाड्या जातात का हो? रस्ताच बंद असतो! आणि व्हिडिओ कंट्रोल रूमपर्यंत न्यायचा कशाला? कॅमेरा चौकातच गाड्या मोजेल, वर जाईल तो आकडा. सिडनीची स्कॅट्स, म्हणजे गर्दी बघून सिग्नल चालवणारी यंत्रणा, १९७० च्या दशकातली, टेलिफोनच्या तारांवर चालली. वेग तीनशे बॉड, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीनशे बिट! तुमच्या दोन जीबीपीएसचं बिल कोण भरणार?

फायबरवाला: सिडनीत लोक लेनमध्ये उभे राहतात, त्यामुळे डांबरात गाडलेली लूप, म्हणजे तारेचं वेटोळं, गाडी बरोबर मोजते. आपल्याकडे रिक्षा तिरकी, तिच्या पोटाशी दोन स्कूटर, मधून पादचारी. मोजणी गंडली की बघायला माणूस लागतो आणि माणसाला चित्र लागतं. विसर्जनाचं म्हणाल तर गाड्या नसतात, मान्य. पण पोलिसांना कॅमेरे त्याच दिवशी सगळ्यात जास्त हवे असतात.

सिंहगडरोडग्रस्त: खणायचं नाव काढू नका. आमच्या गल्लीत आधी पाण्याची लाइन, मग कुणाची तरी केबल, मग पुन्हा पाणी. चर बुजवला म्हणजे काय, तर वर खडी, आत पोकळ. पहिल्या पावसात बायकोची स्कूटर घसरली, मनगटात प्लेट बसली. ठेकेदार म्हणतो, आमचा चर तो नव्हेच, शेजारचा. तुमची रिंग गेली खड्ड्यात.

हडपसरची_मंजू: डक्ट, म्हणजे केबलसाठी पोकळ नळी, एकदाच टाकायची, मग ज्याला हवी त्याने आतून केबल ओढायची, एवढं साधं आहे. महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेच्या पाइपांबरोबर डक्ट टाकायचं ठरलं होतं ना २०१७ च्या सुमारास? निविदेवरून केवढा गदारोळ झाला होता!

डेटाप्रेमी: बघा, म्हणजे खणूनही भांडणच.

फायबरवाला: एचडीडी मशीनने रस्ता न फोडता खालून ड्रिल मारता येतं. अडचण वेगळीच आहे. पेठांमध्ये खाली काय कुठे आहे याचा नकाशा जुन्या लाइनमनच्या डोक्यात असतो आणि तो रिटायर झालेला असतो. ड्रिल थेट जलवाहिनीत.

सिंहगडरोडग्रस्त: म्हणजे रस्ता शाबूत, फक्त पाणी बंद. वा!

कर्वेरोडकर: ते सिग्नलवरचे उलटे मोजणारे सेकंदांचे आकडे का काढले हो? आमच्या चौकात आता किती वेळ थांबायचं तेच कळत नाही. गाडी बंद करावी की नको?

हडपसरची_मंजू: काका, हिरवा किती वेळ ठेवायचा ते सिग्नल गर्दी बघून ऐनवेळी ठरवतो. आकडा आधी कुठून दाखवणार?

कर्वेरोडकर: मग नको तो सिग्नल. हवालदार बरा, निदान हात तरी दाखवतो.

फायबरवाला: आणि सिमवाल्यांनो, बिनतारीवर फार विसंबू नका. मिशिगनमध्ये २०१४ साली विद्यापीठातल्या संशोधकांनी, रीतसर परवानगी काढून, शंभरेक सिग्नलचं वायरलेस जाळं तपासलं. एन्क्रिप्शन नाही, म्हणजे संदेश उघडेच, आणि पासवर्ड कारखान्यातून आलेला तोच.

डेटाप्रेमी: तो दोष आळशीपणाचा. तुमच्या फायबरच्या टोकाला 'ॲडमिन-ॲडमिन' असा पासवर्ड ठेवला तर आतली काचेची तार काय राखण करणार आहे? शिवाय तुमच्या कॅबिनेटांची दारं सुतळीने बांधलेली असतात, फोटो टाकू का?

फायबरवाला: टाका. सुतळी मीच बांधलेली असेल, कुलूप मिळतं कुठे? बरं, गुरुदेव, घ्या: मोजणी आणि वेळापत्रक सिमवर, कंट्रोलरला जीपीएसचं घड्याळ म्हणजे नेटवर्क गेलं तरी मेळ सुटत नाही. फायबर फक्त मुख्य रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांना. झालं समाधान?

डेटाप्रेमी: नव्वद टक्के माझंच म्हणणं तुमच्या नावावर खपवलंत, पण चालेल.

सिंहगडरोडग्रस्त: मुख्य रस्ते म्हणजे कुठले, ते आधी लिहा. आमचा असेल तर निविदेआधीच हरकत टाकतो.