प्रति: फोनचा बाण एकीकडे, तारा भलतीकडे
दुर्बिणीवर बसवलेल्या फोनचा बाण ताऱ्याऐवजी भलतीकडेच नेतो, या तक्रारीवर वर म्हटलंय की पत्र्याचं शेड जवळ असलं की फोनचा कंपास भरकटतो; ते खरंय. पण सेलेस्ट्रॉन कंपनीच्या स्टारसेन्सचा, म्हणजे दुर्बीण कुठे वळवायची ते फोनवर दाखवणाऱ्या ॲपचा, भरवसा निव्वळ कंपासवर नसतो. फोनचा कॅमेरा आकाशाचा फोटो घेऊन ताऱ्यांची मांडणी जुळवतो. आमचा घोळ वेगळाच होता, फोनच दुर्बिणीशी जुळवलेला नव्हता. दिवसाउजेडी गावच्या पाण्याच्या टाकीचं टोक आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) मधोमध आणलं, स्क्रीनवरची खूणही त्याच टोकावर ठेवली. त्या रात्री ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पहिल्या झटक्यात सापडला. लातूरहून मेच्या मध्याला रात्री दहाच्या सुमारास तो दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम २४ अंशांवर असतो.

आणि हो, उन्हाळ्यात दुर्बीण गच्चीवर मांडू नका. स्लॅब रात्री उशिरापर्यंत धगधगतो, वरची हवा थरथरते आणि चंद्राची कड नुसती उकळताना दिसते. आम्ही आता खळ्यातच मांडतो, मातीवर.