दिंडोरीतली पाच एकर द्राक्षबाग: वाइनरीशी करार, भाडेपट्टा की कृषी पर्यटन? मदत हवी आहे

मोगरा

नमस्कार मंडळी,

दिंडोरी तालुक्यात आमची वडिलोपार्जित पाच एकर बाग आहे, थॉमसन आणि थोडी सोनाका, दोन्ही खाण्याच्या द्राक्षांच्या जाती. बाबा सत्तरीला आले, भाऊ शेती बघतो, मी लग्नानंतर ठाण्यात असते आणि हिशेबाची बाजू सांभाळते. माझं नाव सातबाऱ्यावर आहे, त्यामुळे निर्णयात मीही आहे.

२०२५ ने आमचं कंबरडं मोडलं. मे महिन्यातच पाऊस सुरू झाला तो थांबेचना. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यात घड तयार व्हायला ऊन लागतं, ते मिळालंच नाही. पुढे फळासाठीची गोडी छाटणी केल्यावर बऱ्याच वेलींवर घड जिरले, घडांच्या जागी नुसत्या बाळ्या म्हणजे तणावे निघाले. जे घड राहिले त्यांच्यावर डावणी या बुरशीच्या रोगासाठी फवारण्यांचा मारा करावा लागला. पीककर्ज डोक्यावर आहेच. भाऊ म्हणतो, बाग तोडून टाकू.

अशात एक प्रस्ताव आला आहे. नाव लिहीत नाही. एक कंपनी तीन एकर जमीन २९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागते आहे. तिथे शिराझ आणि सोव्हिन्यों ब्लांक या वाइनच्या जाती लावायच्या, बारा कॉटेज बांधायची, वाइन चाखण्याची खोली करायची. आम्हीही २५ लाख घालायचे आणि त्यावर दरवर्षी ठरावीक १४ टक्के घ्यायचे. शिवाय मुंबई-पुण्याच्या लोकांना अर्ध्या-अर्ध्या गुंठ्याची 'स्वतःची वेल' विकायची. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, २०२७ चा कुंभमेळा तोंडावर आहे, आता नाही तर कधी, असं त्यांचं म्हणणं.

मी हे सरळ झटकून टाकत नाहीये, कारण लोक येतात हे डोळ्यांनी दिसतं. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला या वाइन कंपनीची पहिली वाइन २००० साली बाहेर पडली तेव्हा तिथे फक्त माळ होता. आज शनिवार-रविवारी सावरगाव, गंगावऱ्हे रस्त्याला मुंबईच्या गाड्यांची रांग असते. आमच्याच तालुक्यात शाँदोंची वाइनरी आहे. इगतपुरीकडे ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने आहेत. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन आहे. एवढा पैसा या पट्ट्यात फिरतो, मग तो द्राक्ष पिकवणाऱ्याच्या घरात का येत नाही, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

मला हे जाणून घ्यायचं आहे:

खाण्याची द्राक्षं सोडून वाइनची लावली तर पाच एकरांच्या शेतकऱ्याला खरंच परवडतं का? असा भाडेपट्टा कायद्यात बसतो का? आणि पर्यटन करायचंच तर स्वतःच्या जोरावर, लहान प्रमाणात करता येईल का?

आई माळकरी आहे. बांधावर दारू प्यायली जाणार हे तिला मान्य नाही आणि तिचा शब्द घरात मोडला जाणार नाही. तेव्हा कृपया 'आईला समजवा' असा सल्ला देऊ नका.

बांधावरचा

मोगराताई, मी निफाडकडचा. आमच्या भागाने हे सगळं एकदा भोगलंय म्हणून सविस्तर लिहितो.

२००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. विंचूरला वाइन पार्क झालं, उत्पादन शुल्कात माफी मिळाली. गावोगावच्या लोकांनी थॉमसन काढून वाइनच्या जाती लावल्या. मग २००८ ची मंदी आली, पाठोपाठ मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. वाइनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच होत्या, त्यांनी माल उचलणं थांबवलं. नारायणगावच्या शातो इंडाजसारखी जुनी, नावाजलेली कंपनीसुद्धा त्या काळात बुडाली. शेतकऱ्यांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली.

कारण साधं आहे. थॉमसन व्यापाऱ्याने नाकारली तर दुसरा व्यापारी बघता येतो, भाव पडला तर बेदाणा करता येतो. शिराझचा मणी बारका, जाड सालीचा, बियांचा. तो बाजार समितीत कोण घेणार? वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे वाइनरी. म्हणून आधी करार, मग लागवडीचे खड्डे.

फायद्याची बाजूही सांगतो. जीए या वाढीच्या संजीवकात घड बुडवणं, विरळणी, मणी फुगवणं यातलं काही नाही, मजुरी बरीच वाचते. पण वेलीवर माल मुद्दाम कमी ठेवावा लागतो, नाहीतर प्रत येत नाही. एकरी टनेज थॉमसनशी ताडून बघू नका. आणि नवी लागवड केली तर हाताला लागेल असं पीक तिसऱ्या वर्षी. तोवर कर्जाचे हप्ते कशातून जाणार, ते भावाला आधी विचारा.

करारात या गोष्टी लिहून घ्या: किती ब्रिक्सला (म्हणजे रसात किती साखर असताना) माल धरणार, साखर मोजणार कोण आणि कुठे, तोडणीची तारीख कोण ठरवणार, तयार माल वेळेत उचलला नाही तर नुकसान कोणाचं, पैसे किती दिवसांत, आणि कंपनी दुसऱ्याने विकत घेतली तर करार चालू राहणार का. हा शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. चारोसा वाइनरी ग्रोव्हर झाम्पाकडे गेली, यॉर्क वाइनरी सुलाकडे गेली. इथे मालक बदलतात.

सातबारा

भाडेपट्ट्याबद्दल लिहितो. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाचं कलम ६३ बघा. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच कलमात भाडेपट्टाही आहे, हे लोक विसरतात. ती कंपनी शेतकरी नाही, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय २९ वर्षांचा पट्टा वैध ठरणार नाही. खऱ्या औद्योगिक वापरासाठी ६३-१अ ही वेगळी तरतूद आहे, पण तिच्या स्वतःच्या अटी आहेत. कंपनी त्यात कशी बसते ते त्यांच्याकडून लेखी मागा.

अर्ध्या गुंठ्याच्या वेली हा तर उघड धोका आहे. तुकडेबंदी कायदा १९४७ पासून आहे. शेतजमिनीचा अर्धा गुंठा असा विकता येत नाही, दस्त झाला तरी सातबाऱ्यावर नाव चढणार नाही. जमीन न विकता फक्त 'वेलीचा परतावा' म्हणून लोकांचे पैसे एकत्र केले तर ती सामूहिक गुंतवणूक योजना ठरू शकते आणि त्याला सेबीची नोंदणी लागते. नव्वदच्या दशकात सागवानाच्या नावाने लोकांचे पैसे बुडाले, त्यानंतर १९९९ मध्ये सेबीने यासाठी नियम केले. लोक फसले तर ते आधी जमीनमालकाच्या, म्हणजे तुमच्या दारात येतील.

ठरावीक १४ टक्क्यांचंही तेच. अवकाळी, गारपीट, डावणी यांतून जाणाऱ्या धंद्यात ठरावीक परतावा कुठून देणार, हे विचारा. सरकार वाइनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के परत करतं असं सांगतील. ते अनुदान राज्यातल्या द्राक्षांपासून वाइन करणाऱ्या उत्पादकाला आहे, शेतकऱ्याच्या खात्यात येणारं नाही.

कराचं एक लक्षात ठेवा. स्वतःची द्राक्षं विकून आलेलं उत्पन्न शेतीचं, करमुक्त. खोल्यांचं भाडं आणि जेवणाचं बिल शेतीत धरत नाहीत. दोन्हीचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

ओझरकर

तिसऱ्या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे: करा, पण वाइनशिवाय.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आहे. एक एकरापासून शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. वाइन चाखण्याच्या खोलीला राज्य उत्पादन शुल्काचा परवाना लागतो, तो सगळा पसारा तुमच्या आईंमुळे आपोआप टळतो आणि मला तर ते तुमच्या फायद्याचंच वाटतं. वाइनरीत आलेल्या कुटुंबात मुलं असतात, आजी-आजोबा असतात. त्यांना दुपारी काय? जानेवारी ते मार्च बागेत घड तोडायला देणं, चुलीवरचं जेवण, मुक्कामाला दोन-तीन स्वच्छ खोल्या. वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला जाणारे लोक तुमच्याच तालुक्यातून जातात, ते वर्षभर येतात.

फक्त कुंभमेळ्यावर गणित मांडू नका, तो बारा वर्षांनी येतो. सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या धरूनच हिशेब करा.

आणि वाइन धंद्यात पैसे घालायचेच असतील तर जमीन का अडकवता? सुलाचे समभाग डिसेंबर २०२२ मध्ये ३५७ रुपयांनी बाजारात आले. २०२४ च्या सुरुवातीला सहाशेच्या वर गेले आणि २०२५ मध्ये ३५७ च्या खाली उतरले. घ्याच असं म्हणत नाही. पण त्यांचा वार्षिक अहवाल वाचा, पर्यटनाचं उत्पन्न त्यात वेगळं दाखवलेलं असतं. आयातीकडेही लक्ष असू द्या. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारामुळे डिसेंबर २०२२ पासून तिथल्या पाच ते पंधरा डॉलरच्या बाटलीवरचं सीमाशुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आलं आणि पुढे टप्प्याटप्प्याने आणखी उतरणार आहे. त्याचा दाब शेवटी द्राक्षाच्या भावावर येतो.

मोगरा

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. बाबांना आणि भावाला सगळं वाचून दाखवलं. कलम ६३ मध्ये भाडेपट्टाही येतो हे ऐकल्यावर बाबांनी त्या कंपनीला फोन करून नाही सांगितलं. २५ लाख काढायला घर गहाण पडलं असतं, ते टळलं.

आता असं ठरतंय: तीन एकर थॉमसन तशीच ठेवायची, त्यातल्या एका एकरावर पावसापासून वाचवायला प्लास्टिक आच्छादन करून बघायचं. उरलेल्या दोन एकरांत वाइनची जात लावायची, पण करार हातात आल्यावरच. जुन्या पडवीच्या दोन खोल्या नीट करून कृषी पर्यटनाची नोंदणी करायची. आईची त्याला हरकत नाही, उलट पाहुण्यांच्या जेवणाचं तिने आत्ताच मनावर घेतलंय.

दोन प्रश्न उरलेत. वाइनरीशी अलीकडे करार केलेल्या कुणी दिंडोरी, निफाडकडच्या शेतकऱ्याने मसुदा दाखवला तर फार मदत होईल, नाव-गाव झाकून चालेल. आणि बांधावरचा दादा, आमची बाग डॉगरिजच्या खुंटावर आहे (म्हणजे वेलीची मुळं डॉगरिज जातीची, वर थॉमसनचं कलम). त्याच खुंटावर वाइनच्या जातीचं कलम भरून एखादं वर्ष वाचवता येईल का, की पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात आधी माती आणि पाणी तपासून नवी लागवडच करावी? एप्रिलच्या छाटणीआधी भावाला हे ठरवायचं आहे.