मे मध्ये कोकण: आईबाबा, दोन पोरं, पाच दिवस. कुठला पट्टा घ्यावा?

कोथरूडची स्वारी
मे च्या पहिल्या आठवड्यात पुण्यातून स्वतःच्या गाडीने निघतोय. बाबांचे गुडघे जिना बघूनच कुरकुरतात, पोरांना पाणी दिसलं की भान राहत नाही. नुसता बीच नकोय, घाट, खाडी, किल्ला, सड्यावरची (म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरची) कातळशिल्पं सगळं थोडं थोडं हवंय. दिवेआगर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे करत मालवण आणि आंबोलीवरून वर, असं डोक्यात आहे. जमेल ना? वेळासची कासवं पण दिसतील का?

खाडीपल्याड
जमेल की, पण कोकण गाडीच्या काचेतूनच बघाल. नकाशात सगळं चिकटून दिसतं, प्रत्यक्षात मध्ये खाड्या आडव्या येतात, वेशवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, दर ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवायची आणि मे मध्ये रांगा. कासवांची पिल्लं मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल, ते विसरा.
माझं ऐकाल तर फक्त रत्नागिरी ते विजयदुर्ग घ्या. कराड, मलकापूर करत आंबा घाट उतरा, मग पावस, गणेशगुळ्याचा बीच, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली, जैतापूरची खाडी आणि शेवटी विजयदुर्ग. तुम्हाला हवंय ते सगळं याच पट्ट्यात आहे. मालवण पुढच्या वर्षी.

सडेकर
+१. कशेळीच्या सड्यावर भलामोठा हत्ती कोरलाय आणि त्याच्या आत बाकीचे प्राणी, पोरं खूश होतील. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत, तरी दुपारी तिथे काळं कुत्रं पण नसतं. आणि नसणारच, झाड नाही, सावली नाही, जांभा असा तापतो की चपलेतून चटका कळतो. सकाळी सातला पोचा. ऊन तिरपं असताना रेघा ठसठशीत उठतात, डोक्यावर आलं की तुम्ही हत्तीच्या पायावर उभे असाल तरी कळणार नाही. जागा सपाट आहे, बाबांना काही त्रास नाही.

कोथरूडची स्वारी
बायकोने मालवण ऑलरेडी कापलं, तिचं आणि तुमचं एकमत दिसतंय 😄 पोरांना समुद्रात कधी सोडायचं पण? भरती-ओहोटी मला काही कळत नाही.

खाडीपल्याड
सोप्पंय. कॅलेंडरमधली तिथी बघा, तिची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा. वद्य-शुद्ध कुठलाही पंधरवडा घ्या. थोडं मागेपुढे होतं. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं तेव्हा पोरांना गुडघाभर पाण्यापलीकडे सोडू नका, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा तर वाळूतच खेळू दे. गावातल्या माणसाला विचारूनच उतरा.

सदाशिवपेठी आत्या
रस्त्यावर "देवगड हापूस" लिहिलेली पेटी उचलू नका रे, पावसच्या बाजूला बागेतनं थेट घ्या, आणि पेटी डिकीत उन्हात ठेवू नका, पुण्याला पोचेपर्यंत सगळा आंबा एकदम पिकतो आणि मग शेजाऱ्यांना वाटत बसा. घाटात करवंदं मिळाली तर घ्या. घरगुती खानावळीत आदल्या दिवशी फोन करून जेवण सांगा, ऐन वेळेला गेलात तर डाळभात.

सडेकर
परतीला विजयदुर्गाहून तळेरे, गगनबावडा, कोल्हापूर. करूळ घाट चालू आहे का तेवढं निघायच्या आधी विचारून घ्या, नसेल तर राजापूर, ओणी, पाचल करत अणुस्कुरा घाट.