आजोबांचा सोलिंगेनचा वस्तरा: पुन्हा दाढीला चालेल का?

परळकर:
नमस्कार मंडळी. मामाने आजोबांचा वस्तरा माझ्या हवाली केला. आजोबा गिरणीत होते, दाढी घरीच करायचे. पात्याच्या बुडाशी 'सोलिंगेन, जर्मनी' एवढंच वाचता येतं, बाकी नाव गंजाने खाल्लं. पात्यावर तपकिरी डाग आहेत, पाठीजवळ दोन काळे खड्डे आणि धारेत मधोमध बारीक खाच. मूठ काळी आहे. मला तो शोकेसमध्ये ठेवायचा नाही, त्याने दाढी करायची आहे. आमच्या गल्लीत सायकलवर धार लावणारा येतो, त्याच्याकडे देऊ का?

गिरगावचा नाना:
त्याच्याकडे अजिबात देऊ नका. सुऱ्या-कात्र्या तो छान करून देईल, पण वस्तरा दोन्ही अंगांनी आत खोलगट घासलेला असतो आणि धारेपाशी पोलाद कागदाइतकं पातळ असतं. कोरड्या चाकावर ते क्षणात तापतं. निळं पडलं की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, मग धार टिकत नाही. ड्रिलला पॉलिशचं चाक लावून गंज काढायचा मोहही त्याच कारणासाठी टाळा.

खड्डे पाठीजवळ आहेत, हे नशीब. धारेपाशी असते तर दगडावर तिथूनच कपचे उडाले असते. तरी एकदा भिंगाखाली बघून घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर पाण्यात चालणारा पॉलिश पेपर मिळेल, ६०० नंबरपासून २००० पर्यंत (नंबर जितका मोठा तितके कण बारीक). पातं लाकडावर सपाट धरून थोडं तेल लावा आणि हात पाठीकडून धारेबाहेर न्या, उलट कधीच नको. जिथे नाव कोरलंय तिथे पेपर लावू नका, कापडाने पॉलिश पुरे. काळे डाग राहिले तर राहू द्या. आरशासारखं चकचकीत करण्याच्या नादात पोलाद उगाच झिजतं, आणि गेलेलं पोलाद परत येत नाही.

खाच १००० नंबरच्या धारेच्या दगडावर जाईल. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवायच्या, म्हणजे कोन आपोआप जमतो. पाठ झिजू नये म्हणून इलेक्ट्रिकची टेप एक पदर लावा. धारेच्या कडेला मार्करची शाई फासून एकदोन हात मारा. शाई जिथे राहील तिथे पातं दगडाला लागत नाहीये. दोन्ही बाजूंनी टोकापासून बुडापर्यंत शाई सारखी निघेपर्यंत पुढच्या दगडाकडे जायचंच नाही. सगळी दाढी या पायरीवर ठरते. मग ५०००, ८०००, जमलं तर १२०००, दर दगडाला हात आणखी हलका. शेवटी चामड्याचा पट्टा. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे. पट्टा ताणून धरा, सैल सोडलात तर धार गोल होते.

माहीमची सई:
मुठीकडे लक्ष द्या. बोटाने जोरात घासून वास घ्या. कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची. जुनं सेल्युलॉइड सडायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि पातं मिटलेल्या जागी गंजतं. तसं असेल तर मूठ बदलाच. सुई तापवून टोचू नका, सेल्युलॉइड भसकन पेटतं. शिंगाची असेल तर तेल मुरवा आणि कीड लागली नाही ना ते बघा.

परळकर:
वास घेतला, कापूर नाही. गंज बराच निघाला, खाचही गेली. पण १००० वर बुडाकडची शाई जात नाहीये.

गिरगावचा नाना:
जोर लावू नका, पातळ पातं वाकतं आणि मग शाई खोटं सांगते. आधी दगड सपाट आहे का बघा: पेन्सिलीने चौकटी आखा, काचेवर पेपर ठेवून घासा, सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या पाहिजेत. तरीही शाई राहिली तर पातं किंचित पिळलेलं आहे. अशा वेळी दगडाच्या रुंदीवर न घासता कडेच्या अरुंद पट्टीवरून बुडाकडून टोकाकडे तिरकं ओढत न्या. जुन्या वस्तऱ्यांत हे नेहमीचं आहे, घाबरू नका.

पहिल्या दिवशी फक्त गाल करा, हनुवटी नंतर. पातं कातडीला साधारण ३० अंशांत धरा. आणि पावसाळ्यात दाढी झाली की कोरडं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा बाथरूममध्ये ठेवू नका, आपल्या दमट हवेत एका रात्रीत डाग पडतो.