गेस्ट लेक्चरवर लिहायचंय, पण अडलंय ते मोरापाशी

पूर्वभागवाली:
डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आहे, सोलापुरातच. 'समाज, संस्कृती आणि डिझाइन' यावर बाहेरच्या पाहुण्यांची तीन व्याख्यानं झाली. आता त्यांवर स्वतःचं काहीतरी लिहून द्यायचंय. वर्गात सगळ्यांची गाडी 'खूप शिकायला मिळालं'वर येऊन थांबलीय. माझीही थांबली होती, पान फाडलं.

पहिलं व्याख्यान लोट्यावर होतं. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ साली भारत सरकारला अहवाल दिला, त्यात लोट्याचं कौतुक आहे. तो कुणा एकाने घडवला नाही, पिढ्यांच्या हातांतून घडत आला. पुढे १९६१ला अहमदाबादची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) निघाली. घरी येऊन आमचा तांब्या भरून बघितला. मानेत बोटं बरोब्बर अडकतात, ओला हात असला तरी निसटत नाही. यावर दीड पान झालं, त्याची काळजी नाही.

दुसरं दुपारी तीनला होतं. सोलापूरचा उन्हाळा, बंद पंखा. जाऊ दे.

तिसऱ्यात पडद्यावर आपली चादर आली, मोराची. पाहुणे म्हणाले, "हा मोर विणकराच्या मनातून उमटतो." माझे नाना (घरात तेलुगू बोलतो, नाना म्हणजे वडील) पंचवीस वर्षं यंत्रमागावर आहेत. मोर मनातून नाही, पत्त्यांतून येतो. आधी कुणीतरी ग्राफच्या कागदावर चौकटी रंगवतो, त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पडतात, पत्ते ओवून माळ जकार्डवर, म्हणजे मागाच्या डोक्यावरच्या नक्षीच्या यंत्रावर चढते. भोक असेल तिथे ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. एकदा माळेतला एक पत्ता फाटला आणि नानांच्या लक्षात येईपर्यंत पाच चादरींतल्या सगळ्या मोरांच्या मानेवर आडवी रेघ आली. पैसे कापले. त्यातली एक चादर घरी आली, मी तीच पांघरते.

शेजारची मैत्रीण कोपराने ढोसत होती, "विचार की बे!" मी हात वर केला नाही. आता हे लिहू का? पाहुण्यांची चूक काढल्यासारखं होईल. आणि नानांबद्दल लिहिलं तर वाचणाऱ्याला नुसती कीव येईल, ती मला नकोय.

तिसऱ्या_वर्षाचा:
लिही. फक्त 'पाहुणे चुकले'पासून सुरुवात करू नकोस, रेघेपासून कर. पैसे कापले हे एका ओळीत सांगून पुढे जा, म्हणजे कीव येणार नाही. आणि जकार्ड हे माणसाचं नाव आहे तेही टाक. लिआँचा जोसेफ मारी जकार्ड, १८०४. आपल्याकडे ते पान्यासारखं अवजाराचं नाव होऊन बसलंय.

ग्राफवाले_काका:
मी बावीस वर्षं चादरीचे ग्राफ रंगवले. मुली, पाहुण्यांचं चुकलं आणि थोडं तुझंही. मोर विणकराच्या मनातला नाही, कबूल. माझ्याही नाही, मी तो कॅलेंडरवरून उचलला. पण पत्त्यातून आपोआप येतो म्हणतेस तेही खरं नाही. चौकटीत वळण बसत नाही, पायऱ्या पडतात. मान वळलेली दिसायला कुठली चौकट भरायची आणि कुठली सोडायची, हे मला ठरवावं लागायचं. शिवाय दुसऱ्या बाजूला रंग उलटे होतात, तिकडूनही मोर मोरच दिसला पाहिजे. एका मोरापायी तीन-तीन रात्री गेल्यात. आता संगणकावर होतं, नव्या मागांना पत्तेही लागत नाहीत.

पूर्वभागवाली:
काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रात्री नानांना विचारलं, तुमच्या मोराचा ग्राफ कुणी काढला? म्हणाले, "काय माहीत. शेठ पत्ते आणून द्यायचे." एवढी वर्षं दोघं एकाच मोरावर राबले आणि एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. लिखाण इथूनच सुरू करते. पाहुणे शेवटी येतील, जागा उरली तर.
एक विचारू? मोराच्या डोळ्याला किती चौकटी?

ग्राफवाले_काका:
चार. तीन केल्या की कोंबडी दिसते.