बी-विंगचा चार्ट कोणी काढला?

काकू बी-३०४: क्लबहाउसमधला माझ्या नातीचा, माजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांवरचा चार्ट काल रात्री कोणी काढला? २६ जानेवारीच्या प्रदर्शनातले बाकी सगळे जागेवर आहेत. हाच तेवढा गुंडाळून टेबल टेनिसच्या टेबलाखाली टाकलाय. वरचा कोपरा फाटलाय.

सेक्रेटरी: सुप्रभात. सर्व सभासदांना नम्र विनंती, भिंतीला सेलोटेप लावू नये. नवीन रंग निघतो.

काकू बी-३०४: टेपचा प्रश्न नाही साहेब. शेजारी कलामांचा चार्ट आहे, त्यालाही तीच टेप. तो कसा राहिला?

दादा सी-४०५: वाऱ्याने पडला असेल काकू 🙏

काकू बी-३०४: वारा रबरबँड लावून ठेवत नाही रे बाबा.

आप्पा ए-२०१: स्पष्ट बोलतो, राग मानू नका वहिनी. मी काढलेला नाही. पण मुलांसमोर आदर्श कोणाचा ठेवायचा, हाही विचार व्हावा. प्रतिभाताईंच्या परदेश दौऱ्यांवर २०५ कोटी. माहिती अधिकारात बाहेर आलेला आकडा आहे.

काकू बी-३०४: आकडा मला माहीत आहे आप्पा. खर्च जास्तच झाला, मी नाही म्हणत नाही. पण माझं माहेर जळगावचं. १९६२ साली त्या आमच्याकडून आमदार झाल्या तेव्हा २७ वर्षांच्या होत्या. आई डोक्यावर पदर घेऊन मत द्यायला गेली आणि घरी येऊन चुलीपाशी म्हणाली, आज बाईला मत दिलं. ते मी कसं विसरू?

ताई बी-१०२: आणि टेबल टेनिसच्या टेबलाखाली टाकला! कॉलेजात ताई टेबल टेनिसच्या चॅम्पियन होत्या, ते तरी वाचायचं चार्टवर.

दादा सी-४०५: त्या टेबलाची जाळी कधी येणार सेक्रेटरी साहेब? दिवाळीपासून पोरं चपला लावून खेळतायत 😀

सेक्रेटरी: जाळीचा विषय सभेत घेऊ. इथे नको.

दादा सी-४०५: सभेत घेतला की जाळीत जातो.

आप्पा ए-२०१: विषय भरकटवू नका. २०५ कोटी. आणि कलामसाहेब दोन सुटकेसी घेऊन राष्ट्रपती भवनातून बाहेर पडले, हे शेंबडं पोरही सांगेल.

वकील ताई सी-१०२: कलामांबद्दल मलाही प्रेम आहे आप्पा. पण माप दोघांना एकच लावा. २००५ मध्ये बिहार विधानसभा बरखास्त करायच्या कागदावर त्यांनी मॉस्कोतून सही केली आणि सुप्रीम कोर्टाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. २००६ मध्ये लाभाच्या पदाचं विधेयक, म्हणजे खासदारांना काही सरकारी पदं धरायची सूट देणारं, त्यांनी परत पाठवलं, हेही तितकंच खरं. आणि ताईंना सरसकट रबर स्टॅम्प म्हणतात, तर राजस्थानच्या राज्यपाल असताना धर्मांतराचं विधेयक त्यांनीही सही न करता परत पाठवलं होतं.

आप्पा ए-२०१: मग फाशीचं काय? तीसहून जास्त जणांची फाशी माफ केली. त्यात लहान मुलींवर अत्याचार करून मारणारेही होते. द्या उत्तर.

वकील ताई सी-१०२: देते. दयेच्या अर्जावर राष्ट्रपती स्वतःच्या मनाने ठरवत नाहीत, मंत्रिमंडळाचा सल्ला असतो. फार तर एकदा फेरविचाराला परत पाठवता येतं. राजीव गांधींच्या मारेकऱ्यांचे अर्ज २०११ मध्ये ताईंनीच फेटाळले. कलामांच्या पाच वर्षांत दोनच अर्ज निकाली निघाले, एक फेटाळला, एक मंजूर. बाकीचे तसेच पडून राहिले.

वकील ताई सी-१०२: पण एक गोष्ट मला स्वतःला बोचते. जून २०१२ मध्ये एका कैद्याची फाशी माफ झाली, तो २००७ मध्येच तुरुंगात वारला होता. गृहखात्याची फाइल असेल, पण सही ताईंची. एवढं तरी विचारायला हवं होतं.

काकू बी-३०४: हे मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

आप्पा ए-२०१: आणि २०५ कोटी.

ताई बी-१०२: आप्पा, तिसऱ्यांदा.

आप्पा ए-२०१: खरं तेवढंच बोलतो. कोणाला झोंबत असेल तर नाइलाज आहे.

सेक्रेटरी: सर्वांनी संयम ठेवावा. ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

काका ए-५०२: चार्ट मी काढला.

काका ए-५०२: रात्री राउंड मारताना दिसला. एअरफोर्समध्ये आयुष्य गेलं माझं. पुण्यात खडकीच्या लष्करी जागेवर ताईंचं निवृत्तीनंतरचं घर ठरलं होतं, ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. माजी सैनिकांनी आवाज उठवला तेव्हा एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी जागा सोडली. कोपरा टेप सोडवताना फाटला. मुद्दाम नाही फाडला.

काकू बी-३०४: काका, तुम्ही? मला विचारायचं तरी. तिने तीन दिवस बसून काढलाय तो. हेल्मेट जमेना म्हणून इतकं खोडलं की कागद झिरझिरीत झालाय तिथे.

काका ए-५०२: चुकलंच वहिनी. सकाळी पुन्हा उघडून पाहिला. सुखोई विमान चांगलं काढलंय तिने. २५ नोव्हेंबर २००९ ला ताई त्यातून उडाल्या, तेव्हा मी पुण्याच्या लोहगाव हवाई तळावरच होतो. ७४ वर्षांची बाई शिडी चढून कॉकपिटमध्ये बसली, आमची तरुण पोरं बघत उभी होती. कलामसाहेबही २००६ मध्ये लोहगावहूनच उडाले, तेव्हा तेही ७४ चेच. तो दिवसही खरा आणि खडकीही खरी. मला दोन्ही एकत्र बसवता येत नाही.

काकू बी-३०४: ती इथेच बसलीये. विचारतेय, चित्रात काही चुकलंय का?

काका ए-५०२: तिने ताईंना पुढे बसवलंय. पुढे पायलट असतो. त्या मागच्या सीटवर होत्या.

काकू बी-३०४: खोडतेय. खडकीचंही लिहिते म्हणाली, आणि त्या कैद्याचं. मी म्हटलं लिही.

काका ए-५०२: पाच वाजता येतो. माझ्याकडे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आहे.

सेक्रेटरी: भिंतीला कोणतीही टेप लावू नये.

वकील ताई सी-१०२: मग बोर्ड द्या साहेब. पिना लावू.

आप्पा ए-२०१: खर्चाचं लिहिणार आहे का मग?

काकू बी-३०४: पहिल्यापासून लिहिलंय आप्पा. खाली उजवीकडे, लाल पेनने. २०५ कोटी.